तोडलेलं पाणी

होळीच्या तिसऱ्या दिवशी मधुमतीनं बागेचं पाणी तोडलं. जयसिंगच्या ट्यूबवेलवरून येणाऱ्या नालीच्या तोंडात तिनं चिखलाचे गोळे घातले, पायानं दाबून घट्ट केले आणि पदराला हात पुसत डाळिंबाच्या आपल्या चोपन्न झाडांकडे बघत उभी राहिली. पाण्याची पाळी आज तिची होती. पाळी असून पाणी न घेणारं माणूस लखनौच्या तेलीबागेच्या आसपास कुणी पाहिलेलं नव्हतं. शेजारच्या वावरात भेंडी लावणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या.

“बहनजी, नाली तो खोलिए! पानी निकला जा रहा है!”

“हमको नहीं चाहिए. आप ले लो,” मधुमती म्हणाली. फौजेच्या क्वार्टरांत वीस वर्षं काढूनही तिचं हिंदी आटपाडीच्या बाहेर पडलं नव्हतं.

बाया एकमेकींकडे बघून हसल्या आणि पाणी घेतलं. फुकटचं पाणी कोण सोडतंय!

जमीन जयसिंगची, बटाईवर घेतलेली. मधुमतीचा नवरा पंढरीनाथ फौजेत ड्रायव्हर होता. हवलदार म्हणून निवृत्त झाला तो लखनौतच, आणि तेलीबागेच्या कडेला दोन खोल्या बांधून राहिला. त्र्याण्णव साली सासुरवाडीहून डाळिंबाची कलमं ओल्या गोणपाटात गुंडाळून रेल्वेनं आणली. डब्यातल्या लोकांशी जागेवरून भांडत आणली, पण एक कलम मरू दिलं नाही. त्यात त्याचा हात कुणी धरला नसता. पुढं मात्र घोडं अडलं. आजूबाजूचे लोक पेरूला पाणी देत तसं तो डाळिंबाला देई, दर आठ दिवसांनी, कवायतीसारखं. झाडं हिरवीगार, उंच, आणि वांझोटी. वर्षभर चार-दोन फुलं यायची, गळायची. एखादं फळ धरलंच तर पावसाळ्यात तडकायचं.

मधुमती डाळिंबाच्या बागेत वाढलेली. ती चार वर्षं सांगत होती, “अहो, पाणी तोडा. दोन-अडीच महिने कोरडं ठेवा. पानं पडू देत. उपाशी राहिल्याशिवाय हे झाड फळावर येत नाही.” पण नवरा म्हणजे पालथा घडा. “तुमच्याकडं पाणीच नाही म्हणून तुम्ही तोडता,” असं म्हणून तो खाकी टोपी चढवायचा आणि नाली उघडायचा.

यंदा टोपी खुंटीवर होती. जानेवारीत शेणखताची पाटी उचलताना पंढरीनाथ छाती धरून बांधावर बसला, तो आपला आपण उठलाच नाही. जयसिंगनं त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून दवाखान्यात नेलं. एकोणीस दिवसांनी तो घरी आला आणि पडवीतल्या खाटेवर बसला. बसला म्हणजे बसलाच. ट्रक घेऊन बर्फातून गेलेला माणूस आता मोरीपर्यंत जाताना भिंत धरायचा. एक हात सारखा छातीवर. आत काही तुटेल म्हणून जणू दाबूनच धरलेला.

फेब्रुवारीत जयसिंग विचारपूस करायला आला. माणूस वाईट नव्हता. चहा प्यायला, तब्येत विचारली आणि जाता जाता म्हणाला, “हवलदार साहब, बुरा न मानिएगा. चार साल देख लिया. अगहन तक कुछ हुआ तो ठीक, नहीं तो पेड़ उखड़वा के मेंथा लगवाऊँगा. सब लगा रहे हैं.”

अगहन म्हणजे मार्गशीर्षापर्यंतची मुदत, मग झाडं काढून मेंथ्याचा पुदिना, हे सगळं तो बोलला पंढरीनाथाशी. चहा देऊन दाराशी उभ्या राहिलेल्या मधुमतीकडे त्यानं पाहिलंही नाही. पंढरीनाथ खाली बघून म्हणाला, “जैसा आप ठीक समझें.” मधुमतीला हे फार लागलं. झाडं जातील याच्यापेक्षा, नवऱ्यानं इतक्या लवकर मान टाकली याचं लागलं. त्या दिवशी तिनं ठरवलं, की यंदा आपण कुणाला विचारायचं नाही.

*

चैत्रात तपासणीला जायचं होतं. मुलगी दीप्ती इंटरमीजिएटला, म्हणजे बारावीला होती, रिक्षा तिनंच ठरवून आणली. डॉक्टर हेमचंद्र मूळचे अमरावतीचे. मराठी पेशंट दिसला की त्यांची खुर्ची पुढं सरकायची.

“चालता किती?”

“चालतो की,” पंढरीनाथ म्हणाला.

“झूठ,” दीप्ती म्हणाली. “अंकल, पापा बाथरूम तक जाते हैं बस.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “हवलदार, हृदय हा स्नायू आहे. वापरला नाही तर बसतो. रोज चालायचं. आधी पाव किलोमीटर, मग वाढवत न्यायचं. गोळ्या एक दिवस चुकवायच्या नाहीत. मीठ कमी, तूप जवळजवळ बंद. आणि रोज फळ. पेरू, पपई, जांभूळ, मिळालं तर डाळिंब. रक्ताभिसरणाला, रक्तदाबाला या फळांचा हातभार लागतो. पण गोळीच्या जागी फळ नाही, गोळीबरोबर फळ. कळलं?”

येताना तेलीबागेच्या बाजारात मधुमतीनं रिक्षा थांबवली आणि ठेल्यावरची दोन डाळिंबं घेतली. ठेलेवाला त्यांना ओळखत होता. “अरे, आप के यहाँ तो बाग है अनार का!” तो मोठ्यांदा म्हणाला. भाजी घेणारी दोन माणसं हसली. दीप्तीनं ओढणी तोंडावर घेतली. मधुमतीनं पैसे दिले, फळं पिशवीत टाकली आणि रिक्षात बसली. तिचे कान तापले होते.

घरी तिनं दाणे सोलून वाटीत नवऱ्यापुढं ठेवले.

“गोड आहेत,” पंढरीनाथ म्हणाला.

“लोकांची आहेत,” मधुमती म्हणाली आणि खुरपं घेऊन बागेत गेली.

*

वैशाखात लू सुटली. सकाळी दहालाच वारा तव्यावरून आल्यासारखा लागे. डाळिंबाची पानं पिवळी पडली, गळाली, नालीत साचली. पंधरा दिवसांत नुसत्या काटेरी काड्या उरल्या. मधुमती रोज पहाटे जाऊन बुंध्याभोवतीची माती हलक्या हातानं उकरी आणि मुळ्यांना ऊन दाखवी. वाळक्या फांद्या छाटी. काटे लागून तिच्या दोन्ही हातांवर रेघोट्या उठल्या होत्या. दरवर्षी झाडांच्या मधल्या पट्ट्यात भाजी निघायची, निम्मी जयसिंगची. यंदा पाणीच नाही म्हणून भाजीही नाही. रस्त्यानं जाणारे थांबून बघत. “हवलदार बीमार पड़े तो मराठिन ने बाग सुखा दिया,” ही गोष्ट कानोकान फिरून घरापर्यंत आली.

मधुमती वरून खंबीर होती, पण आतून हबकलेली होती. आटपाडीची जमीन मुरमाड. इथली गाळाची. तिथलं गणित इथं चुकलं तर? रोज एक काडी नखानं खरवडून ती आत हिरवं आहे का ते बघायची. हिरवं दिसलं की त्या दिवशीची भाकरी गोड लागायची.

आणि एका सकाळी गल्लीकडची रांग तिला वेगळी दिसली. अकरा झाडं. त्यांच्या बुंध्याशी माती ओली, काळी. दोन झाडांना तर कोवळी लाल पालवी फुटलेली. दीड महिन्याचा उपास कुणीतरी मोडला होता. आता ही झाडं नुसती पानांवर जाणार.

दुसऱ्या दिवशी ती अंधारातच जाऊन बसली. दिसू लागायच्या सुमारास गल्लीतून जयसिंगची म्हातारी आई आली. कमरेत वाकलेली, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पितळी बालटी. सगळी वस्ती तिला अम्मा म्हणायची. तिनं बाराव्या झाडाशी बालटी टेकवली, हात जोडले आणि तांब्यानं पाणी घालायला वाकली.

“अम्मा! मत डालो!” मधुमती धावली.

अम्मा दचकली नाही. “काहे न डालीं? बैसाख मा पियासे पेड़ का पानी देब बड़ा पुन्न है, दुलहिन. तोहार मरद बीमार है. पेड़ का तरसइहौ तो ऊ कइसे चंगा होई?”

मधुमतीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हातारी तिच्याच कुंकवासाठी पाणी घालत होती. तिनं समजवायचा प्रयत्न केला. बहार धरणं, ताण देणं, मुळ्या तापवणं, यातल्या एकाही गोष्टीला तिच्याकडं हिंदी शब्द नव्हता. हातवारे करून ती दमली. अम्मानं शांतपणे तांब्या ओतला आणि काठी टेकत निघून गेली. बाराव्या झाडाची ओली माती मधुमतीनं दोन्ही हातांनी उपसून बाहेर फेकली.

घरी येऊन तिनं चपला भिरकावल्या. “मालकाच्या आईला हात धरून बाहेर काढू का मी? तिला पुण्य पाहिजे, मला फळ पाहिजे! तुम्हाला हिंदी येतंय, तुम्हाला समजावता येतंय. पण तुम्ही इथं छाती धरून बसा! डॉक्टर ओरडतोय चाला, चाला, आणि तुम्ही! बाग गेली की मी पण तुमच्याशेजारी बसते, हात धरून. मग दोघं मिळून मरायची वाट बघू!”

असं ती कधी बोलली नव्हती. दीप्ती पुस्तक तसंच धरून उभी राहिली. संध्याकाळी पंढरीनाथ जेवला, गोळ्या घेतल्या, कुशीवर वळून झोपला.

पहाटे मधुमती उठली तेव्हा खाट रिकामी होती. खुंटीवरची टोपीही नव्हती.

ती अनवाणी धावली. घर ते बाग दीड किलोमीटर. अर्ध्या वाटेवर, शिसवाखालच्या दगडावर पंढरीनाथ बसला होता. घामानं डबडबलेला, तोंड पांढरं.

“दुखतंय?” तिनं जवळ जात विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “दम लागलाय. नुसता दम.” मग स्वतःलाच नवल वाटल्यासारखा म्हणाला, “मधू, दम लागला की मरत नाही माणूस.”

दोघांनी मिळून उरलेली वाट तीन ठिकाणी बसत बसत काढली. ते पोचले तेव्हा अम्मा बालटी घेऊन आलेली. पंढरीनाथ तिच्यापुढं बांधावर टेकला.

“अम्मा, मुझे पूरी खिलाओगी?”

“काहे नाहीं, भइया! अबहीं बनाय देई.”

“नहीं खा सकता. डॉक्टर ने घी बंद किया, नमक आधा किया. घर में सब है, पर मेरी औरत देती नहीं. दुश्मन है क्या मेरी?”

अम्मानं मधुमतीकडे पाहिलं. “राम राम. ऊ तो तोहार जान बचावत है.”

“तो इन पेड़ों की भी वही बचा रही है. जेठ तक का परहेज़ है, बस. फिर खुद तुम्हारे हाथ से पानी डलवाऊँगा.”

अम्मानं काड्यांकडे पाहिलं. “परहेज़,” ती म्हणाली. “तो पहिले काहे नाहीं बतायो?” आणि बालटी उचलून तिनं बांधाबाहेरच्या कडुनिंबाला पाणी घातलं.

*

त्या दिवसापासून पंढरीनाथ रोज पहाटे बागेत जाऊ लागला. आधी तीनदा बसायचा, मग दोनदा, मग शिसवाखाली एकदाच. ऊन चढायच्या आत घरी. जाताना छातीवरचा हात कधी सुटला ते त्यालाही कळलं नाही. एका हातात काठी, दुसऱ्यात पाण्याची बाटली, छाती धरायला हात शिल्लक कुठं होता!

जेठ अर्धा सरला तशी मधुमतीनं मुळ्या झाकल्या, शेणखत घातलं आणि पहिलं हलकं पाणी सोडलं. पहिला तांब्या अम्माच्या हातून. आठव्या दिवशी काड्यांवर लाल ठिपके दिसले. पंधराव्या दिवशी दीप्ती कॉलेजचा फॉर्म भरून थेट बागेत आली आणि नालीतच थांबली. “मम्मी! ये तो पूरा लाल हो गया!”

बेचाळीस झाडं फुलांनी पेटली होती. अकरा झाडं नुसती हिरवी. बारावं झाड, जिथं मातीच उपसून टाकली होती, ते मात्र उशिरा का होईना, फुललं.

फूल म्हणजे फळ नव्हे, हे मधुमतीला ठाऊक होतं. फळं लिंबाएवढी झाली तशी अळी आली. मग फौजेतल्या जुन्या मच्छरदाण्या बाहेर निघाल्या. पंढरीनाथला ओझं उचलायची मनाई होती, सुईदोऱ्याची नव्हती. तो खाटेवर बसून पिशव्या शिवायचा, मायलेकी फळांना बांधायच्या. गणवेशाचं बटण तुटलं तर बायकोकडं फेकणाऱ्या माणसानं सातशेच्या वर पिशव्या शिवल्या. टाके वाकडे होते, पण अळीला काय त्याचं!

पावसाळ्यात पाणी तुंबू नये म्हणून मधुमतीनं चर काढले. पाऊस गेल्यावर माती एकाएकी सुकू नये म्हणून भाताचा पेंढा अंथरला आणि चौथ्या दिवशी थोडं, चौथ्या दिवशी थोडं, असं मोजकं पाणी दिलं. पाणी तोडायला हिंमत लागते, पण पाणी मोजून द्यायला चिकाटी. कुवारात, म्हणजे आश्विनात, डॉक्टर हेमचंद्रांनी पंढरीनाथला तपासलं, जिना चढवून उतरवला, पुन्हा नाडी धरली.

“रोज किती चालता?”

“जाऊन-येऊन तीन किलोमीटर.”

“झूठ?” डॉक्टरांनी दीप्तीकडे बघितलं.

“नहीं अंकल. छह. शाम को तोते भगाने भी जाते हैं.”

डॉक्टर खुर्चीत मागं टेकून मोठ्यांदा हसले.

*

अगहन लागला. डाळिंबाची साल पिवळसर तांबूस झाली, फळांना कोपरे आले, नखानं टिचकी मारली की आवाज धातूसारखा यायला लागला. “चार दिवस अजून,” मधुमती म्हणाली. “एक दिवस आधी नाही.”

तिसऱ्याच दिवशी सकाळी जयसिंग आला. बरोबर फावडी खांद्यावर टाकलेले पाच मजूर. सहा महिने तो मलिहाबादेत मामाच्या आंब्याच्या बागेच्या कामात आणि नंतर भातात अडकलेला. इकडं फिरकलाच नव्हता. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्यानं पहिली रांग बघितली. अकरा झाडं, हिरवीकंच, आणि एकावरही फळ नाही.

“मैंने कहा था न,” तो बांधावर बसलेल्या पंढरीनाथला म्हणाला. आवाजात खरंच वाईट वाटलेलं होतं. “चार के पाँच साल हो गए. चलो रे, इधर से शुरू करो.”

पंढरीनाथ काठी टेकत उठेपर्यंत पहिल्या मजुरानं फावडं उचललं. मधुमती आतल्या रांगेतून पळत आली आणि झाडाला पाठ लावून उभी राहिली. काटे पाठीत रुतले. ही झाडं का वांझ राहिली हे सांगायचं, तर म्हातारीचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते तिनं आजवर घराबाहेर कुणापुढं घेतलेलं नव्हतं.

“फावड़ा नीचे धर!” मागून आवाज आला. अम्मा काठी टेकत येत होती. “जयसिंग! ई ग्यारह पेड़ हमार करनी हैं. ई मना करत रही, हम चोरी से पानी डाले. पुन्न के लालच मा. जेहिका हम पानी दिहेन, ऊ बाँझ रहा. जेहिका ई पियासा राखिस, ऊ देख! भीतर जाय के देख!”

तिनं मुलाचं मनगट धरलं आणि दुसऱ्या रांगेत ओढत नेलं. मागून मजूर गेले.

हातच्या काकणाला आरसा कशाला? फांद्या वाकून मातीला टेकल्या होत्या. जाळीच्या वाकड्यातिकड्या पिशव्यांत दोन-दोन मुठींची फळं. जयसिंग एका झाडापाशी थांबला, दुसऱ्यापाशी गेला, मग नुसताच रांगेच्या टोकापर्यंत चालत राहिला. पंढरीनाथनं एक पिशवी सोडली, फळ तोडून अंगठ्यांनी फोडलं आणि अर्धं अम्माच्या हातावर, अर्धं जयसिंगच्या हातावर ठेवलं. म्हातारीला दात नव्हते. तिनं दाणे हिरड्यांनी दाबले, रस हनुवटीवरून ओघळला, आणि ती लहान मुलीसारखी हसली.

“कंधारी से कम नहीं है,” मजुरांतला एक म्हणाला, कारण त्यालाही एक तुकडा मिळाला होता.

जयसिंग परत आला. गळ्यातल्या गमछ्यानं त्यानं तोंड पुसलं. “हवलदार साहब, मान गए. बाग रहेगा. और बगल का दो बीघा खाली है मेरा, उसमें भी यही लगा दीजिए. बताइए, कैसे करना है?”

पंढरीनाथनं टोपी काढून मांडीवर ठेवली. “मुझसे मत पूछिए. मैंने चार साल अपनी चलाई, आपने देख लिया. बाग इनका है.”

जयसिंग वळला. चार वर्षांत पहिल्यांदा त्यानं मधुमतीकडे सरळ बघून विचारलं, “बताइए, भाभीजी.”

मधुमतीला वाटलं आपण रडणार. पण ती रडली नाही. ती इतकी खूश होती की तिला पाठीतले काटेही लागेनात. पदर खोचून ती आपल्या आटपाडीच्या हिंदीत, एकेक शब्द ठेवत बोलली.

“एक साल का बात मैं नहीं करती. पाँच साल. कागद पे, और कागद पे मेरा भी नाम. पानी कब देना, कब तोड़ना, मैं बोलेगी. बीच में कोई नहीं बोलेगा.”

“हम भी नाहीं,” अम्मा म्हणाली.

जयसिंग हसला. “लिखवा लाता हूँ कल. और?”

मधुमतीनं मजुरांकडे पाहिलं. पाचजण, पाच फावडी, आणि उभा दिवस पुढं पडलेला. झाडं उपटायची मजुरी ठरवून आलेली माणसं आता काय करावं म्हणून एकमेकांकडे बघत होती.

“और ये लोग वापस नहीं जाएगा,” ती म्हणाली. तिनं पंढरीनाथच्या हातातली काठी घेतली, बांध ओलांडून शेजारच्या मोकळ्या वावरात गेली आणि दहा-दहा फुटांवर मोजून जमिनीत रेघा मारायला लागली. “इधर गड्ढा. दो फुट चौड़ा, दो फुट गहरा. ऊपर का मिट्टी एक बाजू, नीचे का मिट्टी एक बाजू. चलो!”

मजुरांनी जयसिंगकडे पाहिलं. जयसिंगनं मान हलवली.

“अहो,” तिनं मागं न बघता हाक मारली, “टोपी घाला, ऊन चढतंय. आणि या इकडं, दुसऱ्या रांगेची दोरी धरा.”

पंढरीनाथ उठला आणि न बसता, कुठं न टेकता, तिच्या मागं गेला.